आपत्काळातील अल्पदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाची संहिता)



१९९३ सालचे दशलक्षण पर्व २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी पूर्ण झाले. उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत धर्माच्या दहाही लक्षणांवर गावोगावच्या मंदिरांतून प्रवचने झाली होती. त्याच रात्री गणेशविसर्जन आटोपून मराठवाडा निद्राधीन झाला आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरातील भूमी हादरली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरांची रचना होती. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जखडून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे झोपेतच गाडली गेली. उत्तम त्यागधर्मावरील प्रवचन ऐकून श्रावकांना तेव्हा दोन-तीन दिवसच झाले होते.

पुढील आठवड्यांत ठिकठिकाणी मंदिरांत, स्थानकांत व उपाश्रयांत तातडीच्या सभा भरल्या आणि देणगीच्या याद्या सुरू झाल्या. अशा सभांची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रथम मोठा आकडा पुकारला जातो, त्याच्या जवळपासचे आणखी काही येतात, अनुमोदनेचा जयघोष होतो. आणि आकडे जसजसे खाली उतरतात तसतसा सभेचा उत्साहही उतरू लागतो. शेवटच्या रांगेतील काही जण मात्र अद्याप बोललेलेच नसतात. त्यांत पेढीवरचा मुनीम असतो, पाठशाळेत शिकविणाऱ्या बाई असतात, भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी विधवा भगिनी असते, दोन एकर कोरडवाहू जमीन कसणारा शेतकरी असतो. हातातील एक्कावन्न रुपये घेऊन त्यांनी उठावे, तोच सभेचे विसर्जन होते. दुसऱ्या दिवशी ते रुपये मंदिराच्या पेटीत गुपचूप पडतात. कधी संकोचाने पडतही नाहीत. जैन समाज म्हणजे धनिकांचा समाज, असा बाहेरच्यांचा समज आहे. सांगली-कोल्हापूरकडील जैन शेतकऱ्याला किंवा मराठवाड्यातील सैतवाळ समाजाच्या छोट्या दुकानदाराला तो ऐकून हसू येईल. आजचा विषय आहे तो ही शेवटची रांग. ज्याच्यापाशी द्रव्य थोडे आहे त्याने आपद्ग्रस्तांसाठी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या अखेरीस आचार्य उमास्वामींनी दानाचे लक्षण सांगितले आणि लगेच, एका दानात व दुसऱ्या दानात भेद कशामुळे पडतो, तेही सांगितले. तो भेद चार गोष्टींमुळे पडतो: देण्याची विधी, दिलेले द्रव्य, देणारा दाता आणि घेणारे पात्र. सूत्र सर्वांना पाठ आहे, परंतु त्यातील गणिताकडे सहसा लक्ष जात नाही. चारांपैकी द्रव्य हे केवळ एक आहे. देणगीच्या यादीत मात्र त्या एकाचाच रकाना असतो. उरलेल्या तिहींची नोंद करण्याची सोय कोणत्याही पावतीपुस्तकात नाही.

आचार्य समंतभद्र याहून पुढे जातात. रत्नकरंड श्रावकाचारात त्यांनी दानाचा विचार वैयावृत्त्याच्या पोटात केला आहे. आलेले संकट दूर करणे, थकलेले पाय दाबणे आणि अन्य जी काही सेवा घडेल ती, हे सारे त्यांच्या मते वैयावृत्त्य होय. पाय दाबण्यास पैसा लागत नाही. योग्य ठिकाणी, योग्य काळी दिलेल्या अल्प दानाला त्यांनी वडाच्या बीजाची उपमा दिली आहे. वडाचे बी किती लहान असते हे ज्याने पाहिले असेल त्याला ती उपमा अधिक पटेल. चार प्रकारच्या दानांसाठी त्यांनी जे चार दृष्टांत योजले, त्यांतील एक तर चक्क रानडुकराचा आहे. गुहेत ध्यानस्थ बसलेल्या मुनींवर चालून आलेल्या वाघाला त्या डुकराने अडविले आणि झुंजीत प्राण दिला, अशी कथा टीकाकार सांगतात. ज्याच्यापाशी कवडीही असणे शक्य नव्हते असा तो जीव दात्यांच्या मालिकेत बसला आहे.

येथे एखादा अभ्यासू श्रावक आक्षेप घेईल, की आचार्यांचे हे विवेचन पात्रदानाचे, संयमी मुनींच्या सेवेचे आहे. पूरग्रस्ताला ते कसे लागू करावे? आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. शास्त्रात पात्रदानाहून निराळे असे करुणादान सांगितले आहे, ज्याला अनुकंपादान असेही म्हणतात. तेथे घेणाऱ्याचे व्रत, धर्म वा जात पाहावयाची नसते. त्याचे दुःख हीच त्याची पात्रता. दोन्ही दानांची फळे शास्त्रकारांनी वेगळी मानली आहेत, हे खरे. परंतु काळ, विधी आणि दात्याचा भाव यांना दोहोंतही तेवढेच महत्त्व आहे.

श्वेतांबर परंपरेतील पुणिया श्रावकाची कथा पाठशाळेतील बालकही सांगू शकेल. कापसाचे पेळू विकून त्याला दिवसाला साडेबारा दोकडे मिळत. तेवढ्यात दोघांचेच पोट भरे. म्हणून पती-पत्नी आळीपाळीने उपवास करीत आणि वाचलेल्या वाट्यातून रोज एका साधर्मिकाला जेवू घालीत. कथेचा भर त्याच्या सामायिकावर दिला जातो: श्रेणिक राजाला सांगण्यात आले, की मगधाचे राज्य दिलेस तरी ती त्या सामायिकाची केवळ दलाली होईल. पण त्या घरातील दुसरी गोष्टही तितकीच लक्षणीय आहे. पुणियाने कोणाकडे उसने मागून दान केले नाही. सोळाकारण भावनांत शक्तितस्त्याग सांगितला आहे, तो दोन्ही बाजूंनी समजावयास हवा. शक्ती असून हात आखडणे जसे दोषास्पद, तसेच सभेत मान राहावा म्हणून कर्ज काढून आकडा पुकारणेही शक्तीला सोडूनच आहे.

मोठ्या दात्यांच्या कथाही समाजाने जपल्या आहेत, आणि त्या जपावयासच हव्यात. तेराव्या शतकातील दुष्काळात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशहांनी धान्याची कोठारे खुली केली; त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्याच भद्रेश्वरच्या प्राचीन जिनालयाची २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जबर हानी झाली आणि सारा कच्छ उघड्यावर आला. त्या वेळी देशभरातून मदतीचे ट्रक निघाले. पण एक मदत अशी आली, की तिच्यासाठी ट्रकची गरजच नव्हती. किल्लारीच्या भूकंपात ज्यांची घरे पडली होती, अशा लातूर-धाराशिव भागातील ग्रामीण स्त्रिया कच्छमध्ये गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्यासमवेत त्यांनी आपल्या भागातील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले होते. सरकारी अनुदानाचे हप्ते केव्हा व कशावर मिळतात, भिंतीत आरपार दगड व पट्टे का घालावयाचे, गवंड्याच्या कामावर लक्ष कसे ठेवावयाचे, हे त्या घरोघर समजावून सांगत असत. त्यांच्यापाशी देण्यास द्रव्य नव्हते. स्वतःच्या पडझडीतून मिळालेले ज्ञान मात्र होते. तंबूत बसलेल्या कच्छी भगिनीला कोण्या अधिकाऱ्याने धीर देणे निराळे आणि त्याच प्रसंगातून गेलेल्या बाईने शेजारी बसून धीर देणे निराळे. याला ज्ञानदान म्हणावे की अभयदान, हा निर्णय विद्वानांनी करावा.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळमध्ये महापूर आला तेव्हा समुद्रकाठचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर चढवून बुडालेल्या गावांकडे निघाले. त्यांतील एक जण मलप्पुरम जिल्ह्यात पाण्यात ओणवा झाला आणि स्त्रिया त्याच्या पाठीवर पाय देऊन बचावनौकेत चढल्या. त्या प्रसंगाचे चित्रण पुढे देशभर पाहिले गेले. पायरी होण्यासाठी त्याच्यापाशी त्याची पाठ होती.

किल्लारीच्या वेळचे जैन समाजाचे कार्यही येथे स्मरावयास हवे, आणि ते केवळ अभिमानासाठी नव्हे. भूकंपानंतर अन्न, वस्त्र, औषधे यांचा ओघ चालू असताना शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेच्या कार्यकर्त्यांचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे गेले. मुलांच्या शाळा पडल्या होत्या, घरात वडीलधारे उरले नव्हते आणि एक शैक्षणिक वर्ष वाया जाणे म्हणजे कित्येकांचे शिक्षणच संपणे होते. सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था करण्यात आली. पुढे वाघोलीच्या प्रकल्पात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही शिकली. या कामाला पैसा लागला, तो दात्यांनी दिला. परंतु त्याच्या मुळाशी जे निरीक्षण होते, काय कमी पडते आहे हे पाहण्याची जी दृष्टी होती, तिला कोणतीही किंमत पडली नव्हती. आणि इतक्या मुलांचे रोजचे जेवण, आजारपण, अभ्यास, रात्रीचे रडणे हे सांभाळावयास माणसेच लागली.

ही दृष्टी नसली म्हणजे काय होते, तेही पाहिले पाहिजे. २००१ मध्ये कच्छला आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोणी हात लावीना. फाटके, विटलेले, बटणे तुटलेले कपडे कोण घालणार? घर गेले म्हणून माणसाची अब्रू गेलेली नसते. कपाट रिकामे करणे आणि दान करणे यांतील भेद ज्याला कळत नाही त्याने कपाट भरलेलेच ठेवावे. भगवान ऋषभदेव आहारासाठी विहार करीत असता लोकांनी त्यांच्यापुढे हत्ती, घोडे, रत्ने आणली. भाव कोणाचाच खोटा नव्हता. पण हवे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि भगवंतांना दीर्घ काळ निराहार परतावे लागले. हस्तिनापुरी श्रेयांसकुमारांना विधीचे स्मरण झाले आणि त्यांनी इक्षुरस दिला. हत्तीच्या तुलनेत ओंजळभर उसाच्या रसाचे मोल ते किती! म्हणून आपद्ग्रस्त गावी काही पाठविण्यापूर्वी तेथे एक फोन करून ‘काय हवे आहे?’ एवढे विचारावे. उत्तर पुष्कळदा अनपेक्षित येते: नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, झाडू व फावडी, जनावरांसाठी वैरण, मुलांच्या वह्या.

कृष्णाकाठच्या समाजाला तर ही उदाहरणे दुरून आणावयास नकोत. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर एका पिढीने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या पुराने सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतील शेतांची माती खरवडून नेली. पाणी चढत असते तेव्हा छायाचित्रे निघतात आणि मदतही येते. खरे कष्ट पाणी उतरल्यावर सुरू होतात आणि त्या कष्टांना द्रव्यापेक्षा हात अधिक लागतात.

पहिले काम चिखलाचे. घरात गुडघाभर गाळ, भिजून कुजलेले धान्य, दुर्गंधी. म्हाताऱ्या दांपत्याला ते घर एका महिन्यातही साफ करता येणार नाही. पायांत गमबूट व हातांत रबरी मोजे घालून गेलेले पाच तरुण एका दिवसात करतील. हातमोजे आवश्यकच आहेत, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होते. दुसरे काम पिण्याच्या पाण्याचे. पूर ओसरल्यावर आरोग्य विभाग गावोगाव सांगत फिरतो, की पाणी गाळून, उकळून प्या. जैन घरातील कोणत्याही आजींना हे निराळे सांगावे लागत नाही. गाळण्याच्या दुहेरी वस्त्राची घडी कशी घालावी, उकळलेले पाणी किती वेळ चालते, याचे शिक्षण त्यांना सासरी-माहेरी मिळाले आहे. चार आजी पूरग्रस्तांच्या छावणीत जाऊन बसल्या आणि चूल पेटवून पाण्याचे हंडे सांभाळू लागल्या, तर तो आहारदान व औषधदान यांचा एकत्र योग होईल. शास्त्र घरात पाळले जाते, ते छावणीपर्यंत नेण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

तिसरे काम कागदांचे, आणि या कामाची उपेक्षा सर्वांत अधिक होते. नुकसानीचा पंचनामा होतो, यादी लागते, रक्कम बँक खात्यात जमा होते. पण खाते बंद पडलेले, आधार जोडलेले नाही, ई-केवायसी झालेली नाही, सातबाऱ्यावर मयत वडिलांचे नाव, रेशनकार्ड पुरात वाहून गेलेले. पाच-दहा हजारांच्या साहाय्यासाठी माणूस तालुक्याला सहा खेपा घालतो आणि रोजगार बुडवितो. निवृत्त तलाठी, शिक्षक, बँकेतील लिपिक, पोस्टमास्तर, वकिलाकडील कारकून असे अनेक जण प्रत्येक समाजात आहेत. त्यांच्यातील एकाने मंदिराच्या ओट्यावर टेबल टाकून पंधरा दिवस अर्ज लिहून दिले, तर सरकारकडून जेवढे रुपये खऱ्या हक्कदाराच्या हाती पडतील तेवढे त्या गावात कोणत्याही दात्याने दिलेले नसतील. त्याचा खर्च एक रिम कागद आणि दोन पेने.

चौथी गोष्ट खतावणीची. लहान किराणा दुकानदार लाखाची देणगी देऊ शकत नाही. पण त्याच्या वहीत चाळीस-पन्नास पूरग्रस्त घरांची उधारी असते. ती माफ करणे त्याच्या शक्तीबाहेरचे असेल. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते. तथापि ‘पुढचे पीक हाती येईपर्यंत मागणार नाही, आणि मीठ-पीठ-डाळ बंद करणार नाही’, एवढे शब्द तो देऊ शकतो. ज्या घराला दारावर येणाऱ्या तगाद्याचे भय आहे त्याला दिलेले हे अभयच होय. हाच नियम घरभाड्याला, हाच मोटार-पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मजुरीला.

आता थोड्या द्रव्याविषयी. पूर्वी अनेक घरांत स्वयंपाकाला बसताना गृहिणी मूठभर धान्य बाजूला काढीत असे. मूठ सुमारे ५० ग्रॅमची धरली आणि २०० घरे धरली, तर दिवसाला १० किलो आणि वर्षाला ३,६५० किलो धान्य होते. या मुठीमुळे कोणाच्या ताटातील घास कमी होत नाही. खरा लाभ मात्र वजनाचा नसून काळाचा आहे. आपत्ती आल्यावर सभा भरवून, यादी फिरवून, रक्कम गोळा करून, खरेदी करून मदत निघते तोवर आठवडा गेलेला असतो. आधीच साठलेले धान्य दुसऱ्या दिवशी निघू शकते. समंतभद्रांनी अल्पदानाला काळाची अट घातली ती उगीच नव्हे. अर्थात धान्याला कीड लागून हिंसा होऊ नये, म्हणून ते दर महिन्याला गरजू घरांना वा विद्यार्थी वसतिगृहाला द्यावे, किंवा वापरून त्याची रक्कम निराळ्या खात्यात टाकावी. पुरेसा साठा मात्र सदैव फिरता ठेवावा. ज्यांना मूठ देणेही जड आहे अशा घरांकडून ती मागू नये आणि कोणी किती मुठी दिल्या याची नोंद तर मुळीच ठेवू नये.

अनुमोदनेविषयी एक शब्द सांगणे भाग आहे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिहींनी पुण्यबंध होतो, असे शास्त्र सांगते. आणि त्याचा आधार घेऊन ‘आम्ही मनाने दिले’ असे म्हणत घरी बसणारेही पुष्कळ आढळतात. अनुमोदना ही ज्याला खरोखर उठता येत नाही त्याची सोय आहे. दुसरीकडे, ज्याने अल्प दिले त्याची अनुमोदना करण्यात समाज कंजूष राहिला आहे, हेही मान्य करावयास हवे. संगमरवरी फलकांवर नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरली जातात. कोठेतरी एक मर्यादा ठरते आणि तिच्याखालची नावे ‘इतर’ होतात. पन्नास वर्षांत कोणत्याही ट्रस्टच्या फलकावर, पुरात तीन आठवडे गाळ उपसणाऱ्याचे नाव लागलेले दिसत नाही.

यास्तव एक छोटीशी सूचना सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे ठेवावीशी आहे. पावतीपुस्तकांच्या शेजारी एक साधी वही असावी. तिच्यात नाव, येणारे काम, मोकळा वेळ, रात्री-अपरात्री बोलाविले तर येता येईल का आणि फोन क्रमांक, एवढेच रकाने असावेत. रकमेचा रकाना नसावा. गाडी चालविता येते, पोहता येते, विजेचे काम येते, परिचारिकेचे शिक्षण झाले आहे, पन्नास माणसांचा स्वयंपाक करता येतो, अर्ज लिहिता येतो, लहान मुलांना गोष्टी सांगता येतात, सारे त्यात यावे. ज्येष्ठांना काहीच सुचले नाही तर ‘सोबत बसेन’ असे लिहावे. प्रेताची ओळख पटवून परतलेल्या घरी त्या कामाला दुसरे कोणी मिळत नाही. नावे अकारविल्हे लिहावीत, म्हणजे पहिले कोणाचे हा वाद उरणार नाही. ही वही दरवर्षी अक्षय तृतीयेला उघडून वाचावी, गाव सोडून गेलेल्यांची नावे कमी करावीत, नव्या सुनांची व नोकरीला लागलेल्या मुलांची नावे घालावीत. दानतीर्थाचे प्रवर्तन ज्या दिवशी झाले तो तो दिवस, आणि त्यानंतर पावसाळ्याला महिना-सव्वा महिना अवकाश असतो. गमबूट, दोर, ब्लीचिंग पावडर आणि पाण्याचे हंडे तपासून ठेवण्यास तेवढा वेळ पुरतो.

जय जिनेंद्र!